संत्र्याचा रस घरी ठेवताना



आमच्या सिल्वासात संत्री पिकत नाहीत. दमणगंगेच्या या खोऱ्यात भात पिकतो, आंबा मुबलक येतो, ताडाची झाडे तर जागोजाग उभी आहेत. पण संत्रे हा आमच्याकडे परगावचा पाहुणा. ते विदर्भातून येते. आंबिया बहाराची फळे नोव्हेंबरच्या सुमारास दिसू लागतात, नाताळाच्या दिवसांत हातगाड्या केशरी होऊन जातात, आणि पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची फळे येतात. इतक्या लांबून आलेली वस्तू स्वस्त मिळाली की माणूस चार किलो अधिक घेतो, आणि घेतलेली वाया जाऊ नये म्हणून एके दिवशी बसून सगळ्यांचा रस काढून ठेवतो. आज मला बोलावयाचे आहे ते या काढून ठेवण्याविषयी. मी शाळेत शास्त्र शिकवते. तेव्हा हा विषय मला आधीच ठाऊक असावयास हवा होता. पण तो मला शिकविला एका बाटलीने.

त्या वर्षी माझी मावशी वसईहून आमच्याकडे आली आणि येथेच तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाली. मार्चचा महिना, परीक्षांचे दिवस. पहाटे पाच वाजता उठून मी सहा संत्र्यांचा रस काढला. फोडी नीट सोलण्यास वेळ नव्हता; म्हणून पांढऱ्या शिरा, पापुद्रे, बिया असे सगळेच मिक्सरमध्ये फिरविले, गाळले आणि स्टीलच्या बाटलीत भरले. बाटली पिशवीत आणि पिशवी शाळेतल्या माझ्या कपाटात. दुपारी दोन वाजता मी इस्पितळात पोहोचले. मावशीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

“रस कडू आहे गं,” ती म्हणाली.

मी म्हणाले, “मावशी, रस कडू नाही. तापानं तुझं तोंड कडू झालंय. डोळे मीट आणि घे.”

बिचारीने अर्धा पेला घेतला. उरलेला रस बाटलीत तसाच राहिला. संध्याकाळी घरी आल्यावर माझ्या धाकट्या मुलाच्या तो हाती लागला. त्याने त्यात साखर ढवळली आणि बाटली रिकामी केली. रात्री दहाच्या पुढे त्याला उलट्या व जुलाब सुरू झाले. मीठ-साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजत आम्ही ती रात्र काढली. सकाळी डॉक्टरांकडे नेले, आणि दोन दिवसांनी तो उठून खेळू लागला. हे त्या रसानेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मुले दिवसभरात काय काय खातात हे आईलाही ठाऊक नसते. परंतु पहाटेपासून संध्याकाळपर्यंत उकाड्यात राहिलेला तो रस मी ओतून द्यावयास हवा होता, याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला. तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही की, मावशी खरे बोलत होती. रस कडूच होता.

नागपुरी संत्र्याचा आणि मोसंबीचाही हा स्वभाव आहे. फळ सोलून खाल्ले तर गोड. त्याचाच रस काढून दोन-चार तास ठेवला तर कडू. फोडींचे पापुद्रे आणि बिया यांत एक द्रव्य असते. फळाच्या पेशी शाबूत असतात तोवर त्याला काहीही चव नसते. रस काढताना पेशी फुटतात, ते द्रव्य आंबट रसात मिसळते, आणि आम्लाच्या संगतीत हळूहळू त्याचे रूपांतर लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात होते. जिभेला ते अगदी थोडे असले तरी जाणवते. रस तापविला तर हे रूपांतर अधिकच वेगाने होते. बिया मिक्सरमध्ये भरडल्या गेल्या तर विचारूच नका! मी नेमके तेच केले होते. पपनसाचा कडवटपणा याहून निराळा. तो फळ खातानाच लागतो, मागाहून येत नाही.

हे समजल्यावर मी मावशीला फोन करून माझी चूक कबूल केली. ती हसली आणि म्हणाली, “तोंड माझं होतं, मला कळणार नाही का?”

मात्र लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, हा कडूपणा म्हणजे नासणे नव्हे. लिमोनिनने कोणी आजारी पडत नाही. तासाभरापूर्वी स्वच्छ हातांनी काढलेला रस कडवट लागला म्हणून आपण मोरीत ओततो आणि फळवाल्याला दोष देतो. उलट सकाळपासून बाहेर राहिलेला रस गोड लागतो म्हणून निर्धास्तपणे पितो. चवीवरून आपण जो न्याय करतो तो दोन्ही वेळा उलटा पडतो.

आता खरे नासणे पाहू. आमच्या भागातल्या श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ताडावरून भल्या पहाटे उतरविलेली नीरा गोड असते, आणि ऊन चढले की तिचीच ताडी होते. हवेतले, मडक्याला चिकटलेले किण्व, ज्याला आपण यीस्ट म्हणतो, ते साखर खाऊन मद्यार्क व वायू तयार करते. संत्र्याच्या रसातही साखर आहे आणि फळाच्या सालीवर किण्व आहे. बाटलीचे झाकण उघडताना फस्‌ असा आवाज येणे, कडेला बुडबुडे दिसणे, चव जिभेला चुरचुरणे ही सगळी त्याची चिन्हे. घट्ट बुचाची काचेची बाटली अशा वेळी फुटूही शकते. हे नासणे निदान लपूनछपून येत नाही. नाकाला आणि डोळ्यांना ते वर्दी देते.

वर्दी न देणारे जे जंतू आहेत, भीती त्यांची बाळगावयाची. रस आंबट असतो, तेव्हा त्यात रोगजंतू जगणार नाहीत, असे पुष्कळ दिवस तज्ज्ञही मानीत असत. १९९५ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात एका मोठ्या करमणूक-उद्यानात न तापविलेला संत्र्याचा रस प्यायलेले लोक साल्मोनेला नावाच्या जंतूने आजारी पडले. १९९९ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात असाच ताजा म्हणून विकला गेलेला रस पिऊन पाचशेहून अधिक माणसे आजारी झाली. शोध घेता घेता अधिकारी जेथे पोहोचले ते ठिकाण रस काढण्याचे नव्हते. फळे धुऊन, औषध लावून पेट्यांत भरली जात, त्या जागेतून तो जंतू आला होता. म्हणजे तो फळाच्या आत नव्हता, सालीवर होता. साल कापली, सुरी आत गेली, तिच्याबरोबर जंतूही आत गेला. २००१ साली अमेरिकेने रसाच्या कारखान्यांसाठी कडक नियम केले ते अशा अनुभवांनंतर. यातली आणखी एक बाब घरच्यांनी विसरू नये. थंडीमुळे साल्मोनेला मरत नाही. फ्रीजमध्ये तो वाढत नाही एवढेच. किंबहुना आंबट रसात तो उष्णतेपेक्षा थंडाव्यातच अधिक दिवस तग धरतो. फ्रीज हा पहारेकरी आहे, वैद्य नव्हे.

तिसरी हानी मात्र अशी आहे की ती ना जिभेला कळते, ना पोटाला. तिची गोष्ट जुनी आहे आणि आमच्या या प्रदेशावर १९५४ पर्यंत ज्यांची सत्ता होती त्या पोर्तुगीजांपासून ती सांगता येते. १४९९ च्या जानेवारीत वास्को द गामाची जहाजे हिंदुस्थानातून परतताना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला लागली. हिरड्या सुजून, अंग सुटून खलाशी मरत होते. रोग्यांना संत्र्यांचा ध्यास लागला होता म्हणून कप्तानाने ती आणविण्यास माणूस किनाऱ्यावर धाडला, अशी त्या सफरीच्या रोजनिशीत नोंद आहे. तो रोग म्हणजे स्कर्व्ही. पुढे १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रजी आरमारातील डॉक्टराने ‘सॅलिसबरी’ या जहाजावर अशा १२ रोग्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले ते झपाट्याने सुधारले. सहा दिवसांत जहाजावरची फळे संपली, पण तोवर त्यांतला एक कामावर रुजू होण्याजोगा झाला होता.

आता प्रश्न आला तो आपलाच: फळे तर टिकत नाहीत, मग रस टिकवावा कसा? लिंडने १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात कृती दिली. रसाचे भांडे गरम पाण्यात ठेवून तो तासन्‌तास आटवावा, काकवीसारखा दाट करावा आणि बाटलीत भरून ठेवावा. असा रस आंबला नाही, त्याला बुरशी आली नाही, वासही चांगला राहिला. पण ज्या कारणासाठी तो जहाजावर न्यावयाचा तो गुणच त्यातून बहुतांशी निघून गेला होता. तो गुण म्हणजे क जीवनसत्त्व. ते उष्णतेने, हवेने आणि तांब्याच्या संपर्काने नष्ट होते, हे त्या काळी कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. त्या द्रव्याची नीट ओळख विसाव्या शतकात पटली आणि त्या संशोधनाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लिंडला मी दोष देत नाही. इतक्या काळजीपूर्वक प्रयोग करणाऱ्या माणसालाही, बाटलीतला रस चांगला दिसतो म्हणून तो चांगलाच आहे असे वाटले, हे मात्र मला विसरता येत नाही.

तेव्हा घरात करावे काय? माझे मत विचाराल तर, टिकवावयाचे ते संत्रे, रस नव्हे. सालीइतके उत्तम झाकण आपल्या कोणत्याही बरणीला नाही. आणलेली संत्री त्याच दिवशी निवडावीत. एखाद्या फळावर निळसर-हिरवी बुरशी किंवा मऊ पडलेला डाग दिसला तर ते आधी बाहेर काढावे. त्याच्या शेजारची चार फळे आठवड्यात जातात. उरलेली परडीत, एकमेकांवर फार दाबली जाणार नाहीत अशी, वारा खेळेल तेथे ठेवावीत. धुऊन ठेवू नयेत, ओलाव्याने बुरशी लवकर धरते. धुवावीत ती सोलण्यापूर्वी. अधिक दिवस ठेवावयाची असल्यास फ्रीजच्या तळाच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावीत. व्यापारी शीतगृहात नागपुरी संत्रे सहा-सात अंश सेल्सियसला, भरपूर ओलावा राखून, महिना-सव्वा महिना टिकते. त्याहून फार थंडावा मात्र या फळाला मानवत नाही, सालीवर डाग पडतात. घरच्या फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे पुष्कळ झाले. मोसंबीची साल जाड व घट्ट असल्यामुळे ती संत्र्यापेक्षा काटक. मोसंबी हे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आले असे मानतात. तुर्की, अरबी आणि ग्रीक भाषांत तर गोड संत्र्याला पोर्तुगालच्याच नावाने हाक मारतात. पण हे विषयांतर झाले.

रस काढावयाचा तो प्यावयाच्या वेळी. प्रथम हात, सुरी आणि फळ हे तिन्ही वाहत्या पाण्याखाली धुवावेत. सोललेल्या फोडींवरच्या शिरा काढाव्यात, बिया काढाव्यात, आणि हाताने किंवा हाताच्या यंत्राने हलकेच पिळून लगेच गाळावे. मिक्सर वापरायचाच असेल तर बिया काढून, अगदी दोन-तीन गिरक्या पुरेत. चोथा रसात जितका वेळ राहील तितका कडूपणा वाढतो. आंबटपणा मारण्यासाठी काही घरांत खाण्याचा सोडा घालतात, तो घालू नये. आम्ल गेले की रसाचे उरलेसुरले संरक्षण जाते आणि क जीवनसत्त्वही जाते. तांब्या-पितळेच्या भांड्यात, कल्हई असो वा नसो, हा रस ठेवू नये. काच किंवा स्टील उत्तम.

ठेवणे भागच असेल तर बाटली उकळत्या पाण्यातून काढून वाळविलेली असावी, आणि ती गळ्यापर्यंत भरावी. मोठ्या बाटलीत थोडा रस ठेवणे म्हणजे त्याला हवेच्या स्वाधीन करणे. लहान लहान बाटल्या भरणे केव्हाही शहाणपणाचे. भरल्याबरोबर फ्रीजमध्ये, चार अंशांच्या आसपास, आणि दारातल्या कप्प्यात नव्हे तर आत मागच्या बाजूस, कारण दार उघडताना गरम वारा पहिल्यांदा दारालाच लागतो. असा रस दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावा. दोन दिवसांची मर्यादा मी शेवटची समजते. तिसऱ्या दिवशी तो चांगला असेलही, पण त्या वेळी आपण नशिबावर विसंबलेलो असतो. बाहेर मात्र दोन तासांहून अधिक नाही, आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तासभरच. थर्मासात रस थंड राहतो हे खरे, पण तो मुळात बर्फासारखा गार करून भरला असेल तरच. कोमट रस थर्मासात घालून इस्पितळात नेणे म्हणजे जंतूंना ऊबदार घर बांधून देणे होय. रोग्याकडे जाताना अखंड संत्री, एक स्वच्छ सुरी आणि पेला न्यावा, हे मी आता सर्वांना सांगते. गर्भवती स्त्रिया, वृद्ध, लहान मुले आणि दुखणाईत यांना ठेवलेला कच्चा रस देऊच नये; आणि वर्षाखालील बाळाला कोणताच फळांचा रस देऊ नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे.

गोठवून ठेवण्याचा मार्ग बरा आहे. बर्फाच्या साच्यात रस ओतून खडे करावेत, ते घट्ट पिशवीत भरावेत आणि लागतील तसे दोन-चार काढावेत. बाटलीत गोठवावयाचा असेल तर वर दोन बोटे जागा सोडावी, कारण गोठताना रस फुगतो. एकदा वितळलेला रस पुन्हा गोठवू नये.

महिनोन्‌महिने ठेवण्यासाठी घरगुती उपाय एकच, तो म्हणजे स्क्वॅश. एक लिटर गाळलेला रस, एक लिटर पाणी, पावणेदोन किलो साखर आणि सुमारे २० ग्रॅम सायट्रिक आम्ल, ज्याला आमच्याकडचे गुजराती दुकानदार ‘लिंबूना फूल’ म्हणतात. पाणी, साखर व आम्ल यांचा पाक उकळून गाळावा आणि तो पूर्ण थंड झाल्यावर मग रस मिसळावा. रस चुलीवर चढवू नये. शेवटी सुमारे दीड ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाईट चमचाभर पाण्यात विरघळवून घालावे. हे द्रव्य तोलूनच घ्यावे, अंदाजाने कधीही नाही. घरात कोणास दमा असेल तर या द्रव्याने तो उसळू शकतो. अशा घरी स्क्वॅशच्या नादी लागू नये. स्क्वॅश म्हणजे साखरेचे पेय आहे, हेही उघड आहे. क जीवनसत्त्वासाठी म्हणाल, तर पेरू आणि आवळा हे दोघेही संत्र्याच्या पुढे आहेत आणि आपल्या बाजारात स्वस्तही आहेत.

दुकानातला खोक्यातला रस महिनोन्‌महिने बाहेर कसा राहतो, असे माझे विद्यार्थी विचारतात. तो क्षणभर कडक तापवून, निर्जंतुक केलेल्या खोक्यात हवाबंद भरलेला असतो. पुष्कळदा तो आटवलेल्या रसात पुन्हा पाणी मिसळून केलेला असतो. म्हणूनच अशा खोक्यांवर ‘शंभर टक्के फळांचा रस’ असा दावा छापू नये, असा आदेश भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ च्या जूनमध्ये काढला. खोका एकदा फोडला की त्याचे ते कवच संपते. मग त्याची जागाही फ्रीजमध्ये, आणि वेष्टनावर लिहिलेल्या दिवसांच्या आत तो संपवावयाचा.

आता शेवटची गोष्ट, पावसाळ्याची. वीज गेली की फ्रीजचे दार पुनःपुन्हा उघडून पाहू नये. बंद दाराचा फ्रीज सुमारे चार तास गारवा धरतो. त्याहून अधिक वेळ वीज गेली असेल, तर कच्च्या रसाची बाटली सरळ ओतून द्यावी. ती चांगली आहे की नाही हे ठरविण्यासाठी चाखून पाहू नये, आणि साखर घालून तर मुळीच नाही.